सरकारी रानांतील एक रात्र
(नभोवाणीवरील भाषण)



मार्गशीर्षाची थंडी पडूं लागली कीं आमच्या खानदेशांत भरिताचे बेत सुरू होतात. पऱ्हाट्यांच्या जाळावर भाजलेलीं हिरवीं वांगीं, कळण्याची भाकरी आणि शेतांतील मोकळी हवा, एवढ्यावर घरचीं लहानथोर माणसें तृप्त असतात. यावलकडील आमच्या शेतांत अशाच एका बेताच्या वेळीं, जाळ विझत आला असतांना, माझ्या पुतण्यानें मला एक प्रश्न विचारला. तो जळगांवच्या कॉलेजांत शिकतो. समोरच्या निळसर डोंगररांगेकडे बोट दाखवून तो म्हणाला, "काका, हा सातपुडा सरकारी, म्हणजे आपल्या सगळ्यांचाच ना? मग आम्ही चारपांच मित्रांनीं एक तंबू घेऊन तेथें एक रात्र काढावयाची म्हटली, तर पैसे कशाला पडावे आणि परवानगी तरी कुणाची काढावी?"

प्रश्न सरळ होता. त्याचें उत्तर मात्र मला सरळ देतां आलें नाहीं. आज मी आपल्यापुढें जें बोलणार आहें, तो त्या उत्तराचाच विस्तार आहे.

प्रथम कायदा काय म्हणतो तें पाहूं. रान सरकारी आहे म्हणजे तें गांवच्या बागेसारखें कुणालाही केव्हांही खुलें आहे, असा अर्थ आपल्याकडे होत नाहीं. १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाचें २६ वें कलम राखीव जंगलाविषयीं आहे. अशा जंगलांत अनधिकारें शिरणें हा त्या कलमान्वयें गुन्हा आहे; आणि वनाधिकाऱ्यानें मोकळा म्हणून जाहीर केलेला काळ सोडला, तर एरवीं तेथें विस्तव पेटविणें, ठेवणें किंवा बरोबर नेणें हाही गुन्हाच आहे. अभयारण्याची गोष्ट याहून कडक. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाप्रमाणें बाहेरच्या माणसाला अभ्यास, छायाचित्रण, पर्यटन अशा ठराविक कारणांसाठींच, आणि तेंही परवाना घेऊन, आंत जातां येतें.

आतां आपल्या बाजूचीं रानें पाहा. यावलचें अभयारण्य १९६९ सालचें, सुमारें १७७ चौरस किलोमीटरांचें. शिरपूर तालुक्यांतील अनेर धरणाचें अभयारण्य १९८६ सालचें, सुमारें ८३ चौरस किलोमीटरांचें. चाळीसगांवच्या दक्षिणेस, पाटणादेवीच्या बाजूनें पसरलेलें गौताळा औट्रम घाट अभयारण्यही १९८६ चेंच. त्याचा विस्तार सुमारें २६० चौरस किलोमीटर. यांच्या भोंवतालचें बहुतेक रान राखीव किंवा संरक्षित या सदराखालीं येतें. तेव्हां 'तंबू ठोका आणि झोपा' असें रान जळगांव-धुळ्याच्या आसपास शोधूं गेल्यास तें सहसा सांपडावयाचें नाहीं.

पुतण्याला हें रुचलें नाहीं. परदेशांत सरकारी जंगलांतून असें फुकट राहतां येतें, असें त्यानें वाचलें होतें. आणि तें खोटें नाहीं. नॉर्वे देशांत १९५७ च्या कायद्यानें पडीक व रानवट जमिनीवर हिंडण्याचा आणि मुक्काम करण्याचा हक्क सर्वांना दिलेला आहे. मात्र तंबू राहत्या घरापासून निदान १५० मीटर दूर असावा लागतो, दोन दिवसांहून अधिक राहावयाचें असल्यास जमिनीच्या मालकाला विचारावें लागतें, आणि १५ एप्रिलपासून १५ सप्टेंबरपर्यंत रानांत किंवा रानाजवळ उघड्यावर विस्तव करण्यास मनाई असते. अमेरिकेंतील न्यूयॉर्क राज्याच्या सरकारी जंगलांतही मोफत मुक्काम करतां येतो. पण रस्ता, पाऊलवाट आणि पाणी यांपासून १५० फूट दूर राहावें लागतें, आणि एकाच जागीं तीन रात्रींहून अधिक राहावयाचें किंवा मंडळी दहा अथवा अधिक असावयाची, तर तेथील वनरक्षकाचा परवाना काढावा लागतो. म्हणजे, जेथें पैसे पडत नाहींत तेथेंही घर, पाणी आणि विस्तव या तीन गोष्टींविषयीं माणसाला बांधून घेतलेलें आहे.

या तिन्हींपैकीं विस्तवाची गोष्ट मला अनुभवानें कळली. ती मी पुतण्याला त्या दिवशीं प्रथमच सांगितली, आणि आज आपल्यालाही सांगतों.

मी तेव्हां विशींत होतों आणि धुळ्यास शिकत होतों. फाल्गुन महिन्यांत आम्ही तिघे मित्र सातपुड्याच्या पायथ्याशीं एका नाल्याच्या कांठीं रात्र काढावयास गेलों. कुणालाही विचारलें नव्हतें. विचारावयाचें असतें हेंच ठाऊक नव्हतें. जवळच्या पाड्यावर एका वृद्ध पावरा गृहस्थाच्या घरीं पाणी मागितलें. त्यानें तें दिलें, आणि नाल्याच्या कोणत्या अंगाला झोपावें तेंही दाखविलें. आम्हीं तीन दगडांची चूल मांडून खिचडी शिजविली. वर अंजनाच्या फांद्यांतून तारे दिसत होते. आयुष्यांतल्या चांगल्या रात्रींपैकीं ती एक होती, हें मी आजही नाकारीत नाहीं. सकाळीं चुलीवर दोन ओंजळी माती लोटली आणि पहिल्या गाडीनें परत आलों.

पुढच्या हिवाळ्यांत आम्ही पुन्हां तेथें गेलों, तेव्हां त्या गृहस्थाकडून उरलेली हकीकत कळली. आम्ही निघाल्यावर वारा सुटला होता. मातीखालचे निखारे उघडे पडले आणि सागाच्या वाळक्या पाचोळ्यानें पेट घेतला. पाड्यावरचीं बायकामाणसें ओल्या फांद्यांनीं झोडपून दुपारपर्यंत आग विझवीत होतीं. नंतर वनखात्याचा माणूस आला. आग कुणी लावली, हें कागदावर लिहून घेणें त्याला भाग होतें. आम्ही तेथें नव्हतों. सर्वांत जवळचें घर या म्हाताऱ्याचें होतें. जबाब देण्यासाठीं त्याला तालुक्याच्या गांवीं तीन खेपा घालाव्या लागल्या आणि तीन दिवसांची मजुरी बुडाली. "तुम्हीं आमचीं नांवें कां सांगितलीं नाहींत?" असें आमच्यापैकीं एकानें विचारलें. तो म्हणाला, "नांवें मीं कुठें विचारलीं होतीं, भाऊ?" मग थोड्या वेळानें एवढेंच बोलला, "विस्तव पाण्यानें विझवावा. मातीनें तो झोपतो."

आम्ही तिघेही खालीं मान घालून बसलों. त्याला बरोबर घेऊन कचेरींत जावें आणि खरें तें सांगावें, हें आमच्या मनांत आलें नाहीं असें नव्हे. प्रकरण आतां मिटलें आहे, अशी आम्हीं एकमेकांची समजूत घातली. त्या न बोललेल्या शब्दाची बोच अजून जात नाहीं.

पुढें वयानें मोठा झाल्यावर मीं तो वनकायदा काढून वाचला. त्याच २६ व्या कलमांत आणखी एक तरतूद आहे. राखीव जंगलांत कुणी जाणूनबुजून किंवा मोठ्या हयगयीनें आग लागूं दिली, तर अपराध्याला शिक्षा झालेली असो वा नसो, त्या जंगलांतील चराईचे आणि वनोपजाचे सर्व हक्क सरकारला वाटेल तितक्या काळापुरते तहकूब करतां येतात. याचा अर्थ नीट ध्यानांत घ्यावा. हयगय शहरच्या पाहुण्याची आणि चराई बंद व्हावयाची ती पाड्यावरच्या गुरांची! आमच्या बाबतींत तितकें झालें नाहीं, हें त्या पाड्याचें दैव.

म्हणून पुतण्याच्या 'आपल्या सगळ्यांचाच ना?' या प्रश्नापाशीं मी अडखळतों. सातपुडा ही रिकामी जागा नव्हे. भिल्ल, पावरा, तडवी हे लोक तेथें पिढ्यान्पिढ्या राहत आले आहेत. १८७८ च्या वनकायद्यानें राखीव जंगलांच्या हद्दी आंखल्या जाऊं लागल्या, आणि जें रान कालपर्यंत घरामागचें परसूं होतें, त्यांत लांकूड तोडणें, गुरें सोडणें, पेरणी करणें हें सारें एकाएकीं अपराधाच्या यादींत गेलें. या अन्यायाची कबुली कायद्याच्या भाषेंत यावयास २००६ साल उजाडावें लागलें. त्या वर्षीं झालेल्या वनहक्क अधिनियमानें कसणाऱ्यांच्या जमिनीबरोबरच, गांवानें परंपरेनें राखलेल्या सामुदायिक वनाचें रक्षण व व्यवस्था करण्याचा हक्कही मान्य केला. तेव्हां जे लोक स्वतःच्या रानांत शतकाहून अधिक काळ अपराधी ठरले, त्यांच्या दारावरून आपण 'हें सरकारी आहे, म्हणून आमचें आहे' असें म्हणत जाणें शोभत नाहीं.

रानांत आणखीही रहिवासी आहेत. रानपिंगळा नांवाचें एक लहानसें घुबड आहे. एकोणिसाव्या शतकांत जेम्स डेव्हिडसन या सनदी अधिकाऱ्यानें खानदेशांत त्याचे नमुने गोळा केले होते. १८८४ नंतर त्याचा खात्रीलायक ठावठिकाणा कुणालाच लागला नाहीं, आणि तो नष्ट झाला असावा असें अनेकांस वाटूं लागलें. शेवटीं १९९७ च्या नोव्हेंबरांत पामेला रासमुसेन आणि त्यांचे सहकारी यांना तो शहाद्याजवळच्या रानांत प्रत्यक्ष दिसला. शहादें त्या वेळीं धुळें जिल्ह्यांतच होतें. मध्यें ११३ वर्षें गेलीं होतीं. हा पक्षी झाडाच्या ढोलींत घरटें करतो. मुक्कामाला गेलेल्या तरुणाला जें झाड 'वाळकें, जाळावयास बरें' असें वाटतें, तेंच एखादे वेळीं अशा पक्ष्याचें घर असतें.

मग काय, कुणीं रानांत जाऊंच नये? माझें म्हणणें तसें मुळींच नाहीं. रात्रीचें रान ज्यानें एकदांही ऐकलें नाहीं, त्याला आपल्या जिल्ह्याची अर्धी ओळख झालेली नाहीं. परंतु मुक्काम कसा करावा, हें शिकावयास नॉर्वेला जाण्याचें कारण नाहीं. साक्री तालुक्याकडील ठेलारी धनगर पाहा. त्यांचा संसार घोड्यावर आणि मुक्काम उघड्यावर. पण शेतांत मेंढ्या बसवावयाच्या त्या शेतकऱ्याशीं बोलूनच. आणि कळप हलतो तेव्हां जमिनींत लेंडीखत राहिलेलें असतें. वाडा उठला कीं जमीन पूर्वीपेक्षां सकस झालेली असते. आपल्या तंबूखालच्या जमिनीविषयीं आपल्याला असें सांगतां येईल काय?

आपल्याला तितकें साधणार नाहीं. पण कांहीं गोष्टी खास साधतील. जावयाच्या आधीं वनक्षेत्रपालाच्या कचेरींत जाऊन, कोणती जागा खुली आहे, कोठें परवाना लागतो, तें विचारावें. रावेर तालुक्यांतील पाल येथें वनखात्याचें विश्रामगृह आहे. पहिल्या खेपेस तेथूनच रानाची ओळख करून घेणें चांगलें. शक्य तेव्हां राखीव हद्दीच्या बाहेर, पाड्याच्या जमिनीवर, घरधन्याच्या संमतीनें झोपावें, आणि त्याचें धान्य किंवा सरपण आपल्यामुळें खर्च होत असेल तर त्याचा मोबदला आपण होऊन द्यावा. नाल्याच्या अगदीं कांठीं पथारी टाकूं नये. रात्रीं जनावरें पाण्यावर येतात. नेलेली प्रत्येक वस्तु परत आणावी. आणि फेब्रुवारीच्या मध्यापासून पाऊस पडेपर्यंत, साग-सालईचा पाचोळा वाळलेला असतां, विस्तवाचें नांवच काढूं नये. शिदोरी घरूनच न्यावी. शेतांतील भरिताचा जाळ आणि रानांतला जाळ एक नव्हे. शेतांत खालीं नांगरलेली माती असते आणि शेजारीं विहीर असते.

पुतण्यानें हें सारें ऐकून घेतलें. तो कांहीं बोलला नाहीं. गेल्या पौषांत तो आणि त्याचे मित्र एका पाड्यावर जाऊन आले. अंगणांत झोपण्याची परवानगी त्यांनीं दिवसाउजेडीं मागितली होती. बरोबर भाकरी आणि ठेचा होता. चूल पेटविली नाहीं. तंबूही म्हणे पिशवींतच राहिला, कारण घरधन्यानें बाजा काढून दिल्या.

परत आल्यावर त्यानें मला एक कागद दाखविला. त्यावर त्या घरच्या कर्त्या माणसाचें नांव आणि गांव लिहिलेलें होतें. "आणि काका," तो म्हणाला, "आम्हां चौघांचीं नांवें, पत्ते आम्हींही त्यांना लिहून दिले आहेत. मागून कांहीं निघालेंच, तर कुणाला विचारावयाचें तें त्यांना ठाऊक असावें."