आमच्या वसतिगृहातली संशोधक

(उपकारस्तुतीच्या उपासनेत केलेले भाषण)



पुढच्या बाकावर बसलेली ही मुलगी धडगाव तालुक्यातल्या एका पाड्यावरची. पाचवीत आमच्या वसतिगृहात आली, तेव्हा तिला पावरीशिवाय दुसरी भाषा येत नव्हती. पुढे बी.फार्म., एम.फार्म. झाली आणि आता पीएच.डी. करते आहे. विषय न्यूरोफार्माकॉलॉजी, म्हणजे औषधे मेंदूवर आणि मज्जातंतूंवर कशी काम करतात त्याचा अभ्यास. हाच विषय का, असे सगळे तिला विचारतात. उत्तर मी देतो, कारण त्यात माझी चूक आहे.

तिच्या धाकट्या भावाला फेफरे येत असे. एकदा तो चुलीत पडला, हात भाजला. डॉक्टरांनी फिनोबार्बिटोनच्या गोळ्या दिल्या. 1912 पासून वापरात असलेले हे स्वस्त औषध. झटके थांबले. आम्ही प्रार्थनाही केली होती. वडिलांना वाटले, पोरगा बरा झाला. मी तर मंडळीत उभा राहून साक्ष दिली. गोळ्या चालू आहेत का, हे मात्र विचारले नाही. त्या बंद झाल्या होत्या. थोड्याच दिवसांत एकामागून एक झटके सुरू झाले, जीपने दवाखान्यात न्यावे लागले. पोरगा वाचला, पण त्याची शाळा सुटली.

ती तेव्हा दहावीत होती. मला म्हणाली, "सर, प्रार्थना केली ते बरंच झालं. पण गोळी चालू ठेवा, एवढं का नाही सांगितलं?"

आता तीच मला समजावते. मेंदूतल्या पेशी एकदम बेताल चेतल्या की झटका येतो. मेंदूत 'गाबा' नावाचे रसायन ब्रेकचे काम करते, आणि फिनोबार्बिटोन तो ब्रेक जास्त वेळ दाबून धरते. मेंदूला त्याची सवय झालेली असते. गोळी अचानक तोडली तर झटके पूर्वीपेक्षा जोरात येऊ शकतात. पण याच गोळीने मुले पेंगतात, अभ्यासात मागे पडतात. तिचे संशोधन इथेच आहे: झटका थांबावा आणि मूल वर्गात जागेही राहावे. शिवाय तीनपैकी सुमारे एका रुग्णाला कोणत्याच गोळीने पुरता आराम पडत नाही, तेही तिला खुपते. सध्या काम उंदरांवर चालले आहे. औषध कधी निघेल म्हणून विचारले, तर म्हणते, "सर, इतक्यात साक्ष देऊ नका."

पुढच्या महिन्यात ती पाड्यावर येऊन पालकांशी पावरीत बोलणार आहे. ज्यांच्या घरी फेफऱ्याचे मूल आहे त्यांना घेऊन या, आणि गोळ्यांचे पाकीट सोबत आणा.