पाहुणा तीन ग्रॅमचा
आपल्याकडे जास्वंदीवर येतो तो शिंजीर. हमिंगबर्ड फक्त अमेरिकेच्या दोन खंडांतला. त्यातला लालकंठी जेमतेम तीन ग्रॅमचा, पण वसंतात मध्य अमेरिकेतून उत्तरेला निघतो. बरेच जण मेक्सिकोचं सुमारे 800 किलोमीटरचं आखात एका दमात ओलांडतात! एप्रिलच्या उत्तरार्धात ते न्यू जर्सीत पोहोचतात. तिथल्या मराठी मंडळींनी त्याआधीच परसात फीडर टांगावा. चार वाट्या पाण्यात एक वाटी साधी पांढरी साखर विरघळवायची. मध नको, गूळ तर नकोच. पाण्यात लाल रंगही घालू नये. फीडरची लाल फुलं पुरतात. उन्हात हे पाणी आंबतं, म्हणून दोन-तीन दिवसांनी ओतून फीडर घासायचा. नर मात्र भलता भांडखोर, दुसऱ्याला जवळ फिरकू देत नाही. तेव्हा दुसरा फीडर घराच्या पलीकडे, त्याच्या नजरेआड लावा.