सैनिकाचा दंड आणि लशीचा हिशेब
(दुर्ग येथे भिलाईच्या मराठी कामगारांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



एप्रिल २०२१ मध्ये दुर्ग जिल्हा टाळेबंदीत होता आणि भिलाईचा पोलाद कारखाना इस्पितळांना प्राणवायू पुरवीत होता. फाटकावरील सुरक्षा दलाच्या जवानाला लशीत अग्रक्रम होता. आतील तरुण कामगाराला १ मेपर्यंत थांबावे लागले. तेव्हा दोन मते ऐकू येत. जवानांना टोचतात, अर्थी लस निर्धोक आहे, हे एक. जवानाला नकार देता येत नाही, म्हणून प्रयोग त्याच्यावर, हे दुसरे. दोन्ही मते पुराव्याला बगल देतात.

इतिहास पाहा. १८९८ च्या सुमारास आल्मरॉथ राइट यांनी हिंदुस्थानातील गोऱ्या पलटणींत सुमारे ४,००० सैनिकांना विषमज्वराची लस टोचली. सैनिक स्वेच्छेने पुढे आले, असे म्हणतात. (पलटणीतील स्वेच्छेचे मोल तुम्ही जाणताच!) पुढे बोअर युद्धात लस थोड्यांनीच घेतली आणि विषमज्वराने हजारो सैनिक दगावले.

१९४२ ची हकिगत अधिक बोधप्रद आहे. अमेरिकी सैन्याला पीतज्वराची लस दिली गेली आणि सुमारे ५०,००० सैनिक काविळीने आजारी पडले. लशीचा मूळ विषाणू दोषी नव्हता. ती टिकावी म्हणून मिसळलेले मानवी रक्तद्रव दूषित होते. कोणत्या तुकडीला कोणत्या बॅचची लस टोचली याच्या नोंदी होत्या, म्हणूनच दोषी बॅच सापडल्या व रक्तद्रव वगळून लस बनू लागली. १९८० च्या दशकात त्या माजी सैनिकांचे रक्त तपासले, तेव्हा तो रोग हेपॅटायटिस बी होता हे सिद्ध झाले. जवळजवळ ३,३०,००० जणांना त्याची लागण झाली असावी, असा अंदाज निघाला.

आता आपल्या सेनादलांकडे या. सुमारे १५.९ लाख जवान व कर्मचाऱ्यांची कोविशील्डविषयीची पाहणी २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली. दोन मात्रांनंतर लागण सुमारे ९३ टक्क्यांनी, मृत्यू ९८ टक्क्यांनी घटल्याचे तीत आढळले. पुरावा भक्कम आहे, तो नाकारण्याचे कारण नाही. परंतु पाहिलेले लोक बहुतांशी तरुण, निरोगी पुरुष होते आणि अवधी मे अखेरपर्यंतचाच होता. भट्टीपुढे तीस वर्षे काढलेल्या, दम लागणाऱ्या कामगाराला तोच आकडा जसाच्या तसा लावता येत नाही. शिवाय ही पाहणी परिणामकारकतेची होती. सुरक्षिततेचा प्रश्न वेगळा. त्याविषयी केंद्राच्या समितीने मे २०२१ मध्ये सांगितले की, कोविशील्डनंतर रक्ताच्या गुठळ्यांच्या संभाव्य घटना दहा लाख मात्रांमागे ०.६१ आढळल्या. धोका अत्यल्प होता, पण शून्य नव्हता. आणि तो उघड सांगितला गेला हे योग्यच झाले.

ज्याला आज्ञेने दंड पुढे करावा लागतो, त्याच्या बाबतीत हा हिशेब अधिकच चोख हवा. लशीनंतरच्या प्रत्येक आजाराची नोंद बॅचसह झाली पाहिजे आणि ती जवानाच्या कुटुंबाला पाहता आली पाहिजे. तुमच्या स्वतःच्या प्रमाणपत्रावरही बॅच क्रमांक छापलेला आहे. तो कागद फेकू नका.