उन्हाळ्यातील चार स्मरणदिवस

(सुवर्णमहोत्सवी समारंभात केलेल्या भाषणाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवात गतकालाचा आढावा घेण्याचा परिपाठ आहे, आणि ते कार्य आमच्याहून अधिकारी वक्त्यांनी येथे केलेच आहे. आम्ही पुढील वर्षांसाठी एक लहानशी सूचना घेऊन उभे आहोत. मराठी मंडळांचे वर्ष गणेशोत्सवाने फुलते, कोजागरी आणि संक्रांतीच्या हळदीकुंकवाने बहरते व गुढीपाडव्यानंतर मंदावते. शाळांना सुट्या लागतात, मुले आजोळी जातात आणि काशीत लू वाहू लागते. नेमके याच मे-जून महिन्यांत असे चार दिवस येतात, की ज्यांत काशी आणि महाराष्ट्र यांचे देणेघेणे साठवलेले आहे.

पहिला दिवस ३ मे. महाराष्ट्रदिनाला दोनच दिवस उलटलेले असतात. १९१३ साली याच दिवशी मुंबईत गिरगावच्या कॉरोनेशन चित्रपटगृहात दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांसमोर आला. चित्र मुके, तारामतीच्या भूमिकेला स्त्री मिळेना, म्हणून साळुंके नावाच्या तरुणाने लुगडे नेसून ती वठविली. परंतु कथा कोठली? सत्त्वासाठी राजाने स्वतःला विकले ते काशीच्या बाजारात, आणि डोंबाच्या घरी राबला तो काशीच्या स्मशानात. हरिश्चंद्र घाट आजही ते नाव मिरवीत आहे. पुढे १९३२ साली प्रभात कंपनीने ‘अयोध्येचा राजा’ हा पहिला मराठी बोलपट काढला, तोही याच कथेवर. म्हणजे आपला चित्रपट चालू लागला तेव्हाही आणि बोलू लागला तेव्हाही त्याने काशीचीच कथा निवडली. खुद्द फाळके चित्रव्यवसायाला विटून काही काळ सहकुटुंब काशीत येऊन राहिले व येथे त्यांनी ‘रंगभूमी’ हे नाटक लिहिले, ही गोष्ट चित्रपटरसिकांपैकीही थोड्यांनाच ठाऊक असते.

दुसरा दिवस ३१ मे, अहिल्याबाई होळकर यांचा जन्मदिवस. चौंडी गावी १७२५ साली जन्मलेल्या या साध्वीची त्रिशताब्दी २०२५ साली झाली. काशी विश्वेश्वराचे आजचे मंदिर १७८० च्या सुमारास त्यांनी उभारविले. देशाच्या कानाकोपऱ्यातून येणारा यात्रेकरू ज्या गाभाऱ्यासमोर हात जोडतो, तो एका मराठी राणीच्या खासगी द्रव्यातून आणि निष्ठेतून उभा राहिला, हे आपल्या मुलांनी तेथे जाऊनच ऐकावयास हवे.

तिसरा दिवस ६ जून. १६७४ साली रायगडावर शिवछत्रपतींचा राज्याभिषेक झाला. त्याची ३५० वर्षे २०२४ साली पूर्ण झाली. त्या विधीचे सूत्रधार गागाभट्ट काशीचे. त्यांचे घराणे मूळचे पैठणचे, पिढ्यान्‌पिढ्या येथे विद्यादान करीत स्थिरावलेले. कोणी हा दिवस तारखेने पाळतात, कोणी ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीला. आमच्या मते काशीकरांना तिथी अधिक सोयीची. उत्तरेकडील पौर्णिमान्त आणि आपले अमान्त पंचांग वद्य पक्षात महिन्याच्या नावावरून भांडतात, शुद्ध पक्षात मात्र दोघांचे एकमत असते. शिवाय ज्येष्ठ शुद्ध दशमीला अवघी काशी गंगादशहरा साजरा करते, आणि त्यानंतर तिसऱ्या दिवशी ही त्रयोदशी येते.

चौथा दिवस झाशीच्या राणीच्या हौतात्म्याचा. १८५८ साली ग्वाल्हेरजवळ ती धारातीर्थी पडली. तो दिवस १७ जून की १८ जून, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. तिच्या समाधीपाशी १८ जून पाळला जातो. मोरोपंत तांबे यांची ही कन्या मणिकर्णिका अस्सीजवळ भदैनीत जन्मली. मोरोपंत येथे चिमाजी आप्पांच्या पदरी होते. आपल्या मुलांना राणी भेटते ती शाळेतील सुभद्राकुमारी चौहान यांच्या हिंदी कवितेतून आणि चित्रपटांतून. १९५३ साली सोहराब मोदी यांनी तिच्यावर रंगीत चित्रपट काढला, आणि नंतरही पडद्याने तिला विसरू दिले नाही. यात खेद मानण्याचे कारण नाही. लोकरंजनाने मुलाचे कुतूहल जागे केले, तर त्याचा हात धरून त्याला भदैनीपर्यंत नेणे हे मंडळाचे काम.

आता हा खटाटोप कशासाठी, असे कोणी विचारील. ब्रह्माघाट-दुर्गाघाटाच्या गल्ल्यांत मराठी घरे अनेक पिढ्यांपासून नांदत आहेत. त्या घरांतील मुलाला शाळेत केव्हा ना केव्हा प्रश्न पडतो, ‘तुम्ही लोक मूळचे कोठले?’ मराठी अडखळू लागलेल्या मुलाला याचे उत्तर देणे जड जाते. आपण पाहुणे आहोत, असे त्याला वाटू लागते, आणि पाहुण्याची भाषा दुसऱ्या पिढीत गळून पडते. हे चार दिवस त्याला उत्तर पुरवितात. काशीने आपल्याला हरिश्चंद्राची कथा दिली, राज्याभिषेकाचा पुरोहित दिला, मनूचा जन्म दिला. आपण काशीला मंदिर दिले, घाट दिले. ज्यांचा असा व्यवहार शतकानुशतके चालला, ते एकमेकांचे पाहुणे कसे?

सूचना एवढीच आहे. उन्हाळ्यातील या चार दिवशी, ऊन उतरल्यावर, गावात असतील तेवढ्या सभासदांनी त्या त्या स्थळी जमावे. भाषण एकच असावे, तेही एखाद्या मुलाने मराठीत केलेले, पाच मिनिटांचे. जेथे तारीख वादाची आहे, तेथे त्याने तसे स्पष्ट सांगावे, कारण आदरापोटी सत्याला मुरड घालण्याची सवय लहानपणी लागू नये. नंतर हवे तर लंगड्या आंब्याच्या फोडी वाटाव्यात, म्हणजे बालसभासदांची उपस्थिती वाढेल, असा आमचा अनुभवसिद्ध अंदाज आहे.

खर्च नाममात्र आहे. पाच-दहा मंडळी आली तरी पहिल्या वर्षी पुरे. येत्या ३ मे रोजी सायंकाळी हरिश्चंद्र घाटावर आम्ही उपस्थित राहू. आपणही यावे, आणि घरातील एका तरी मुलाला बरोबर आणावे, ही विनंती.