बारीक माणसाची शुगर



कर्जत-खालापूरच्या गावांत आणि वाड्यांवर अजून ऐकू येतं की शुगर हा पोट सुटलेल्या, बैठं काम करणाऱ्या माणसाचा आजार. भातखाचरात राबणारा, वीटभट्टीवर जाणारा काटकुळा गडी, त्याला कसली शुगर? हा समज खोटा आहे, आणि घातकही.

जठराच्या मागे स्वादुपिंड असतं. त्यात सुमारे दहा लाख सूक्ष्म पेशीपुंज विखुरलेले असतात. १८६९ साली बर्लिनमध्ये पॉल लँगरहॅन्स या विद्यार्थ्याने त्यांचं प्रथम वर्णन केलं, म्हणून ती लँगरहॅन्सची बेटं. सगळी मिळून त्यांचं वजन एखाद-दोन ग्रॅम. त्यांतल्या बीटा पेशी इन्शुलिन बनवतात.

बहुधा लहान वयात होणाऱ्या मधुमेहात शरीराची संरक्षक यंत्रणाच या पेशींवर उलटते. तिथे इन्शुलिनला पर्याय नाही. मोठेपणीच्या मधुमेहात गोष्ट हळूहळू घडते. शरीर इन्शुलिनला नीट दाद देत नाही, मग बीटा पेशी ते अधिकाधिक सोडतात. एकट्या बैलाला जोडीचा नांगर ओढायला लावावा, तसं हे. पुढे बेटांमध्ये अमायलॉइड नावाचं प्रथिन साचतं. काही पेशी मरतात, काही जिवंत राहूनही इन्शुलिन बनवणं सोडतात. शेजारच्या अल्फा पेशी मात्र ग्लुकागॉन सोडतच राहतात, आणि यकृतातून आणखी साखर रक्तात येते. ब्रिटनमधल्या एका मोठ्या अभ्यासाचा अंदाज असा, की निदान होतं तेव्हाच बीटा पेशींची निम्मी ताकद गेलेली असते.

आपल्याकडे तर मुळात पुंजीच तोकडी असू शकते. बोरघाट चढून गेलं की पुणं. तिथल्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या गरोदर माता आणि त्यांची मुलं यांचा अभ्यास केला. जन्मतः बाळांचं सरासरी वजन २.७ किलो, इंग्लंडच्या साउदॅम्प्टनमध्ये ३.५. आपली बाळं हडकुळी, पण अंगातली चरबी त्या मानाने जास्त. ही मुलं मोठी होताना दिसलं, की ज्यांची साखर अठराव्या वर्षी बिघडली त्यांच्या बीटा पेशी लहानपणापासूनच कमी पडत होत्या. आईच्या ताटातला तुटवडा लेकराच्या स्वादुपिंडापर्यंत पोहोचतो, हे मला फार अस्वस्थ करतं. आपल्या कातकरी आणि ठाकर वाड्यांवर कुपोषण नवं नाही.

उपासमारीतून आलेल्या अशा मधुमेहाला आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने २०२५ मध्ये ‘पाचवा प्रकार’ म्हणून मान्यता दिली. त्यावर तज्ज्ञांत मतभेद आहेत. पण वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमधल्या अशा कृश रुग्णांच्या तपासणीत इन्शुलिन फार कमी स्रवत असल्याचं आढळलं, आणि ते इथल्या डॉक्टरांनीही ध्यानात ठेवायला हवं. अशा माणसाला ‘वजन उतरवा, भात सोडा’ असं सरसकट सांगणं अन्यायाचं आहे. त्याला पोटभर चौरस जेवण हवं: डाळ, अंडी, सुकट, नाचणी.

आणि सुईची भीती. ‘सुई लागली म्हणजे संपलं’ असं लोक म्हणतात. उलट, निदान झाल्या झाल्या काही आठवडे इन्शुलिन दिल्यावर बीटा पेशींचं काम सुधारल्याचं चीनमधल्या रुग्णांत दिसलं आहे. तेव्हा सतत तहान, रात्री वारंवार लघवीला उठणं, जेवूनही अंग वाळणं, यांतलं काही घरात दिसलं तर माणूस कितीही बारीक असो, जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा कर्जतच्या उपजिल्हा रुग्णालयात त्याची साखर तपासून घ्या.