यंत्राची आज्ञावली टेबलावरच्या संगणकावर : काय पारखता येते, काय येत नाही



विहिरीवरील पंप आपोआप चालू-बंद करणारी पेटी आज अनेक शेतांत दिसते. तिच्या पोटात मायक्रोकंट्रोलर नावाचा एक लहानसा संगणक बसविलेला असतो. वीज आली, पाणी खाली गेले, तीन फेजांपैकी एक गेली, कोणी बटण दाबले, अशा प्रत्येक गोष्टीस तंत्रज्ञ ‘घटना’ म्हणतात. घटना केव्हा घडेल हे आधी सांगता येत नाही. परंतु ती घडली की ठरावीक मुदतीत तिची दखल घेतली गेलीच पाहिजे. फेज गेल्यावर पंप बंद करण्याचा निर्णय अचूक असूनही उशिरा झाला, तर मोटार जळावयाची ती जळतेच. अशा यंत्रात उशिरा आलेले बरोबर उत्तर हे चुकीचेच उत्तर होय.

अनेक घटना एकाच वेळी आल्या म्हणजे आज्ञावलीत गोंधळ माजतो. तो टाळण्यासाठी काही तयार चौकटी वापरल्या जातात. मिरो सामेक यांनी रचलेली ‘क्यूपी’ ही त्यांपैकी एक प्रसिद्ध चौकट असून तिची तत्त्वे त्यांच्या २००२ व २००८ साली निघालेल्या ग्रंथांत विस्ताराने मांडली आहेत. या चौकटीत कामाची वाटणी स्वतंत्र घटकांत केलेली असते. प्रत्येक घटकापुढे घटनांची स्वतःची रांग असते, प्रत्येकाचा अग्रक्रम ठरलेला असतो आणि हाती घेतलेली घटना पुरी केल्यावाचून घटक दुसरीकडे वळत नाही. कोणत्या स्थितीत कोणत्या घटनेस काय करावयाचे, हे अवस्थाचित्रांनी ठरते. ही चित्रे डेव्हिड हॅरेल यांनी १९८७ च्या निबंधाद्वारे शास्त्रास दिली.

आता, पेटीसाठी लिहिलेली आज्ञावली टेबलावरच्या संगणकावर चालविण्याची गरज का भासावी? पेटीस पडदा नसतो, त्यामुळे आत काय चालले आहे ते दिसत नाही. पुष्कळदा पेटी तयार होण्यापूर्वीच आज्ञावली लिहून झालेली असते. शिवाय फेज जाण्याचा प्रसंग शेतावर शंभर वेळा घडवून पाहणे परवडत नाही. संगणकावर तो एका कळीने घडविता येतो. म्हणून मूळ आज्ञावली तशीच ठेवून चौकटीचे केवळ खालचे सांधे बदलतात. यासच पोर्टिंग म्हणतात.

हे सांधे मुख्यतः तीन. पहिला, कुलपाचा. मायक्रोकंट्रोलरवर नाजूक काम चालू असता इंटरप्ट, म्हणजे बाहेरून येणारी हाक, क्षणभर बंद ठेवतात. लिनक्स किंवा विंडोजवर सामान्य आज्ञावलीस तो अधिकार नसतो, म्हणून तेथे ‘म्युटेक्स’ नावाचे कुलूप वापरावे लागते. दुसरा, घटकांना पाळी देण्याचा. तेथे प्रत्येक घटकास एकेक ‘थ्रेड’, म्हणजे कामाचा स्वतंत्र धागा, दिला जातो. तिसरा, घड्याळाचा. पेटीत स्फटिकाच्या आधारे चालणारा टाइमर ठोके देतो. संगणकावर एक धागा थोडा वेळ झोपून व पुन्हा जागा होऊन ते काम करतो.

सांधे नीट बसले की तर्काची पारख उत्तम होते. एखादी अवस्था राहून गेली, घटनांचा क्रम उलटला तर काय होईल, हे सारे पडद्यावर उघड होते. मात्र वेळेची हमी या स्थलांतरात बरोबर येत नाही. विंडोजचा नेहमीचा ठोका सुमारे १५.६ मिलिसेकंदांचा असतो. तेथे एक मिलिसेकंद झोपावयास सांगितलेला धागा त्याहून बराच उशिरा उठू शकतो. लिनक्सच्या २०२४ च्या नोव्हेंबरात निघालेल्या ६.१२ या आवृत्तीत वेळेच्या काटेकोरपणाची सोय मुख्य प्रवाहात आली खरी. परंतु ती मुद्दाम निवडावी लागते, आणि तिच्यावरून पेटीतल्या वेळेचे मोजमाप मिळत नाही.

दुसरा धोका अंकांचा. समजा, वीज आल्यावर दोन मिनिटे थांबून पंप चालू करावयाचा आहे. दोन मिनिटे म्हणजे १,२०,००० मिलिसेकंद. टेबलावरच्या संगणकावर सी भाषेतील साधा पूर्णांक ३२ बिटांचा असल्याने ही संख्या त्यात सहज मावते. लहान मायक्रोकंट्रोलरवर तोच पूर्णांक बहुधा १६ बिटांचा असतो. ऋण संख्या वगळल्या तरी त्यात ६५,५३५ च्या वरची संख्या मावत नाही. तेथे उरतात ५४,४६४, आणि पंप मिनिटभराच्या आतच सुरू होतो! संगणकावरच्या चाचणीत हा दोष दिसत नाही. म्हणून सी भाषेच्या १९९९ च्या मानकात आलेले निश्चित रुंदीचे संख्याप्रकारच वापरावेत.

वेळेचे दोष किती लपून राहतात याचा दाखला मंगळावरून मिळतो. ४ जुलै १९९७ रोजी तेथे उतरलेल्या पाथफाइंडर यानाचा संगणक वारंवार आपोआप नव्याने सुरू होऊ लागला. कमी अग्रक्रमाच्या कामाने एक कुलूप धरून ठेवले होते. मधल्या अग्रक्रमाची कामे त्यास पुढे सरकू देत नव्हती, आणि सर्वांत महत्त्वाचे काम त्या कुलपासाठी खोळंबत होते. अभियंत्यांनी पृथ्वीवरील तशाच प्रतिरूप यंत्रणेवर तो प्रसंग पुन्हा घडविला, तेव्हा कारण सापडले; आणि अग्रक्रम तात्पुरता वाढविण्याची सोय चालू करताच दोष नाहीसा झाला. कामांच्या वेळा जशाच्या तशा जुळल्यावाचून हा दोष प्रकट होणारा नव्हता.

तात्पर्य, दोन्ही चाचण्या हव्यात, आणि त्यांचा क्रमही पाळला पाहिजे. आधी संगणकावर तर्क पारखावा; मग प्रत्यक्ष पेटीवर, पूर्ण भार देऊन, वेळ मोजावी. शिक्षकांनी विद्यार्थ्यांना पहिली पायरी अवश्य शिकवावी. त्यासाठी शाळेतला साधा संगणकही पुरतो. आणि अशी यंत्रे खरेदी करणाऱ्या अधिकाऱ्यांनी ‘संगणकावर चाचणी झाली’ एवढ्या शेऱ्यावर समाधान न मानता, फेज गेल्यापासून पंप बंद होईपर्यंत जास्तीत जास्त किती वेळ लागला, याची पेटीवर घेतलेली नोंद मागावी. जळालेल्या मोटारीचा भुर्दंड अखेर शेतकऱ्यालाच भरावा लागतो.