प्रोस्टेटची बायोप्सी: सुई कुठून आणि कुठे?

रक्तातले पीएसए हे प्रथिन वाढले म्हणजे प्रोस्टेटचा कर्करोग झालाच, असे नाही. वयोमानाने ग्रंथी मोठी झाली किंवा लघवीला जंतुसंसर्ग झाला, तरी हा आकडा चढतो. निदान पक्के होते ते सहसा बायोप्सीने, म्हणजे ग्रंथीचे बारीक नमुने काढून सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्यावर.

पूर्वापार पद्धतीत सोनोग्राफीच्या आधाराने ग्रंथीच्या ठरावीक भागांतून दहा-बारा नमुने घेतले जातात. गाठ नेमकी कुठे आहे, हे तेव्हा बहुधा ठाऊक नसते. एका अर्थी हे अंधारात चाचपडणेच. त्यात घातक गाठ निसटते आणि कधीच त्रास न देणारा सौम्य कर्करोग मात्र सापडतो. म्हणून आता आधी एमआरआय करून संशयित जागेवरच सुई नेली जाते. 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘प्रिसिजन’ या 500 पुरुषांच्या चाचणीत, एमआरआय आधी केलेल्या गटात 38 टक्के जणांना वैद्यकीयदृष्ट्या दखल घेण्याजोगा कर्करोग आढळला; जुन्या पद्धतीत 26 टक्क्यांना. तरीही एमआरआय निर्दोष आला म्हणून कर्करोग नाहीच, असे ठरत नाही. पीएसए आणि कौटुंबिक इतिहासही पाहावा लागतो.

सुईचा मार्गही महत्त्वाचा. गुदाशयातून गेल्यास तिथले जंतू आत शिरू शकतात, म्हणून प्रतिजैविके द्यावी लागतात. वृषण आणि गुदद्वार यांमधल्या त्वचेतून गेल्यास हा धोका कमी होतो, ग्रंथीचा पुढचा भागही सहज गाठता येतो. दोन्ही प्रकार जागा बधिर करून होतात. लघवीत काही दिवस, वीर्यात काही आठवडे रक्त दिसू शकते. ताप आल्यास मात्र तातडीने रुग्णालय गाठावे लागते.